मुलाखतीतलं टॉर्चर, कोठडीतला पाहुणचार

दाढेच्या निमित्ताने गेल्या महिन्यात साताऱ्यातल्या एका दंतवैद्याकडे तासभर ताटकळावं लागलं. शेजारच्या खुर्चीत पंचविशीतला एक मुलगा फोनवर मित्राशी बोलत होता. आदल्या दिवशी त्याने कुठल्याशा कंपनीसाठी ऑनलाइन मुलाखत दिली होती. "लिटरली टॉर्चर, भावा. तीन राउंड. मधलं वेटिंग तर नाइटमेअर. मी अजून ट्रॉमात आहे." हे सांगता सांगता तो वेफर्सचा पुडा संपवत होता.

त्याच्या पलीकडे गालाला पदर लावून त्याची आजी बसली होती. तिच्यासाठीच तो आला होता. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय होतंय, आजी?" आजी म्हणाल्या, "रातभर ठणकतीया दाढ. आडवं झालं की जास्तच. गार पाणी लागलं की तिडीक पार कानात जाती." मुलीने ते केसपेपरवर लिहून घेतलं. तपासायच्या आधी डॉक्टरला निम्मं निदान त्या तीन वाक्यांतच मिळालं असणार.

मी तोवर टेबलावरचं दैनिक चाळत होते. आतल्या पानावर दुचाकी चोरीची दोन परिच्छेदी बातमी होती. संशयिताला ताब्यात घेतलं आणि 'पोलिसी खाक्या दाखवताच' त्याने गुन्ह्याची कबुली दिली. हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. एका दैनिकात मी बावीस वर्षं मुद्रितशोधन केलं आणि त्यातल्या वेलांट्या-उकार तपासून हे वाक्य हजार वेळा तरी पुढे पाठवलं. (ही अतिशयोक्ती नाही. फारशी तरी नाही.)

त्या एका खोलीत शब्दांची सरळसरळ अदलाबदल झालेली होती. ज्याला तीन वेळा प्रश्न विचारले गेले त्याच्या वाट्याला 'टॉर्चर' आलं, आणि ज्याच्यावर बहुधा पट्टा चालला असेल त्याच्या वाट्याला 'खाक्या'. स्वतःच्या गैरसोयीला आपण इंग्रजीतला सगळ्यात जड शब्द लावतो आणि दुसऱ्याच्या खऱ्या यातनेला मराठीतला सगळ्यात लाडिक. पहिल्या सवयीबद्दल भाषाप्रेमी मंडळी अधूनमधून ओरडतात, दुसरीबद्दल कुणी बोलत नाही. मला या दोन्ही सवयी एकाच पोटच्या वाटतात.

आधी इंग्रजीची बाजू. टॉर्चर हा शब्द लॅटिनमधल्या पिळणे या क्रियापदावरून आला. आपणही 'जीव पिळवटला' म्हणतो, तेव्हा मूळ कल्पना परकी नाही. 'एक्स्क्रूशिएटिंग' या विशेषणात क्रूस दडलेला आहे, माणसाला खिळून मारायचा तो. आणि विरार लोकलने रोज जाणाऱ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे 'ट्रॅव्हल' या शब्दाचं मूळही तीन खुंटांच्या एका छळयंत्राच्या लॅटिन नावात सांगतात. युरोपात माणसाला यंत्राला बांधून जबानी घेणं ही शतकानुशतकं न्यायाची रीतच होती. इंग्लंडात राजाच्या लेखी हुकमाने असा छळ झाल्याची शेवटची नोंद १६४० सालची आहे. तिथे यंत्रं अडगळीत गेली आणि पुढच्या तीन-चारशे वर्षांत शब्द हळूहळू हलके होत गेले. आज लंडनमधल्या एखाद्याने मीटिंगला टॉर्चर म्हटलं तर त्यामागे निदान एवढा काळ उलटलेला असतो.

आपल्याकडे तो काळ उलटलेला नाही. १८५४ साली मद्रास इलाख्यात कंपनी सरकारनेच एक चौकशी आयोग नेमला होता. सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी महसूल खात्याची आणि पोलिसांची माणसं रयतेचा छळ करतात का, हे त्याला तपासायचं होतं. १८५५च्या अहवालात आयोगाने होय म्हटलं. बोटं चिमट्यात धरून दाबायचं लाकडी यंत्र, माणसाला ओणवं वाकवून तसंच बांधून उन्हात ठेवणं, असे प्रकार त्यात नोंदलेले आहेत. पाच वर्षांनी, १८६० साली, दंडसंहिता आली. तिच्या ३३०व्या कलमाखाली एक उदाहरण दिलं होतं: 'अ' हा पोलीस अधिकारी 'झ'ने गुन्हा कबूल करावा म्हणून त्याला टॉर्चर करतो. पुढच्याच एका उदाहरणात महसूल अधिकारी थकलेल्या साऱ्यासाठी तेच करतो. आपल्या कायद्यात हा शब्द असा शिरला, अलंकार म्हणून नव्हे. ते कलम आता नव्या न्यायसंहितेत १२० क्रमांकाने आलं आहे. पण छळ हा स्वतंत्र, व्याख्या केलेला गुन्हा अजूनही झालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ साली सही केली, अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक करणारा अंतिम होकार, आजतागायत दिलेलं नाही. त्यासाठीचं विधेयक २०१० साली लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. २०१७ साली विधी आयोगाने पुन्हा शिफारस केली. तीही फायलीत आहे.

म्हणजे इंग्रजांनी ती गोष्ट वापरून झाल्यावर शब्द हलका केला. आपल्याकडे हलका झालेला शब्द तयार मालासारखा आला, आणि ती गोष्ट मात्र कोपऱ्यावरच्या चौकीत चालूच आहे.

याला एक अपवाद आहे, 'थर्ड डिग्री'. फ्रीमेसन या पाश्चात्त्य गुप्त बंधुसंघाच्या तिसऱ्या पायरीच्या दीक्षाविधीवरून हा शब्दप्रयोग आल्याचं सांगतात. अमेरिकेतल्या पोलिसांनी तो उचलला आणि तिथे त्याचा अर्थ मारझोड करून जबानी काढणं असा झाला. १९३१ साली सरकारी विकरशॅम आयोगाने त्यावर इतकं स्पष्ट लिहिलं की एकच गदारोळ उठला. आज इंग्रजी घरात हा शब्द पार मवाळ झालेला आहे. मुलगी उशिरा घरी आली आणि आईने चार प्रश्न विचारले की ती म्हणते, आईने थर्ड डिग्री दिली. मराठीत असं कुणी म्हणून बघावं! आपल्याकडे थर्ड डिग्री म्हणजे टायर, पट्टा, तळपाय आणि उलटं टांगणं. हा शब्द आपल्या तोंडी हलका झाला नाही, कारण ज्यांच्या घरातलं माणूस आत जाऊन आलंय त्यांनी तो हलका होऊ दिला नाही. मला याचा विलक्षण आदर वाटतो.

आणि नेमका हाच शब्द बातमीत टाळला जातो. तिथे आरोपीला 'पाहुणचार' मिळतो, 'प्रसाद' मिळतो, 'इंगा' दाखवला जातो, किंवा मग चौदावं रत्न. समुद्रमंथनातून निघालेल्या रत्नांची यादी मराठी माणसाने चाबकापर्यंत आणून पोचवली, यात कल्पकता आहे हे मान्य. शाळेत मास्तरांच्या छडीला आम्हीही चौदावं रत्न म्हणत होतो आणि हसत होतो. पण कोठडीतल्या माणसाबद्दल तो शब्द वापरला की वाचकही हसतो, आणि हसलेल्या माणसाला प्रश्न पडत नाही. अमेरिकेने २००१ नंतर बंदिवानांना पाण्यात गुदमरवण्याला 'एन्हान्स्ड इंटरॉगेशन', म्हणजे चौकशीची सुधारित पद्धत, असं गुळगुळीत नाव दिलं होतं. त्यावर जगभर टीका झाली, आपल्याकडेही अग्रलेख आले. आमच्या पानावर तेव्हाही खाक्या चालू होता.

एकदा मी त्या शब्दावर पेन्सिलने गोल केला. रात्रपाळीचे उपसंपादक म्हणाले, "ताई, वाचकाला आवडतं ते. चोराला काय आरती ओवाळायची?" मी गोल खोडला. रात्रीचा एक वाजला होता, पान सोडायचं होतं. आणि खरं सांगायचं तर चोराला चार ठोसे बसले तर त्यात काय एवढं, असं मलाही आतून वाटत असणार. तो चोर आहे हे अजून ठरायचं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही हे आपल्या कायद्यात १८७२पासून लिहिलेलं आहे. का लिहावं लागलं, याचं उत्तर त्या मद्रासच्या अहवालात आहे. १९९६च्या डिसेंबरमध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी अकरा दंडक घालून दिले: अटकेची नोंद, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी वगैरे. त्यातल्या एकाचा तरी उल्लेख दोन परिच्छेदांच्या चोरीच्या बातमीत कधी वाचलाय? खाक्या मात्र न चुकता असतो.

आता त्या मुलाकडे वळते. त्याच्यावर माझा राग नाही. नोकरीच्या मुलाखतीत कोऱ्या पडद्यासमोर बसून आपलं नाव पुकारण्याची वाट बघणं वाईटच असतं. पण त्याला नेमकं काय झालं होतं? वाट बघताना जीव टांगणीला लागला होता. प्रश्नांच्या माऱ्याने नाकी नऊ आले होते. एखादं उत्तर सुचलं नाही तेव्हा घशाला कोरड पडली असेल, किंवा दातखीळ बसली असेल. या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. टॉर्चर म्हटल्यावर चारही एका पोत्यात गेल्या आणि मित्राला काहीच कळलं नाही. तो फक्त "शिट, ब्रो" म्हणाला असेल.

मराठीत एकट्या जिवाचे किती हाल होतात बघा. निकालाची वाट बघताना तो टांगणीला लागतो. पोर वेळेवर घरी आलं नाही की खालीवर होतो. उन्हात पाण्याशिवाय कासावीस होतो. कामाच्या ओझ्याने मेटाकुटीला येतो. घाटाच्या उतारावर एसटी सुसाट सुटली की मुठीत धरावा लागतो. दुसऱ्याचं दुःख बघून तुटतो. सगळं निभावलं की भांड्यात पडतो. प्रत्येक ठिकाणी दुखणं वेगळं आहे आणि ऐकणाऱ्याला ते कुठल्या जातीचं आहे हे तत्क्षणी कळतं. शरीराचंही तसंच. गळू ठुसठुसतं, दाढ ठणकते, जखमेवर औषध लावलं की चरचरतं, कमरेत उसण भरते, पाठीत चमक निघते, पोटरीत गोळा येतो, पायात रुतलेला काटा सलतो. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा, डॉक्टर भलतीकडेच तपासायला लागेल.

इथे कुणी म्हणेल, झालं, मराठी थोर आणि इंग्रजी गरीब. तसं अजिबात नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदना मोजायची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली तिच्यात इंग्रजीतले ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. ठणकण्याचे वेगळे, भोसकल्यासारखे वेगळे, भाजल्यासारखे वेगळे. 'टॉर्चरिंग' हाही त्यात आहे, अगदी शेवटच्या गटात, बाकीचे सगळे प्रकार विचारून झाल्यावर. इंग्रजीचं वेदनेचं कोठार भरलेलं आहे. आपण मात्र त्यातून चार-पाच मोठ्या नोटा उचलल्या आणि चहाच्या टपरीवर त्याच काढतोय. सुटे पैसे इंग्रजीतले घेतले नाहीत आणि मराठीतले खिशात आहेत याचा विसर पडला.

उसन्या उपमेचा गंमतीचा नमुना माझ्या तोंडातच होता. अमेरिकेत अत्यंत नकोशा गोष्टीला 'रूट कॅनॉल' म्हणतात. २०१३च्या एका जनमत चाचणीत तिथल्या संसदेपेक्षा रूट कॅनॉल आणि झुरळं अधिक लोकप्रिय निघाली होती. आता हीच उपमा आपल्याकडच्या सादरीकरणांत ऐकू येते: "तो प्रोजेक्ट म्हणजे रूट कॅनॉल होता." माझं रूट कॅनॉल त्या दिवशी झालं. भूल दिलेली, वर पंखा चालू, रेडिओवर जुनी गाणी. निम्म्या वेळात मला डुलकी लागली. खर्चाचा आकडा ऐकून डोळ्यांपुढे काजवे चमकले, ती गोष्ट वेगळी.

'हेल'चंही तसंच. इंग्रजी हेल जळतं, मराठी नरकाला वास येतो. सार्वजनिक मुतारीतून बाहेर आलेला माणूस "काय नरक आहे" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आग नसते. शिवाय आपला नरक कायमचा नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची खातेवार यादी आहे, ज्याच्या त्याच्या पापाप्रमाणे भोगायचं आणि बाहेर पडायचं. अनंतकाळ तळून काढणारं हेल आपल्या कल्पनेत बसतच नाही. म्हणून तो शब्द मराठी तोंडात नुसताच वाजतो.

मराठी काही धुतल्या तांदळाची नाही, हेही इथेच सांगून टाकते. 'सहनशीलतेचा कडेलोट झाला' हे वाक्य मीही लिहिलं आहे, आणि कडेलोट ही देहान्ताची शिक्षा होती. 'सुळावरची पोळी' म्हणताना सुळावर बसवलेला माणूस कुणाला दिसत नाही. निवडणुकीत पक्षाचं 'पानिपत' होतं, जणू १४ जानेवारी १७६१ला तिथे नुसत्या जागा गेल्या होत्या. पण या शब्दांमागची माणसं कधीच काळाच्या पडद्याआड गेली. ज्याच्या भावाचा कडेलोट झाला असा कुणी शेजारच्या खुर्चीत बसलेला नसतो. मला हरकत घ्यावीशी वाटते ती 'काळ्या पाण्याची शिक्षा' या शब्दाला. अंदमानच्या कोलूशी त्याचा संबंध आता राहिला नाही. गडचिरोलीला बदली झालेला कर्मचारी पुण्यातल्या निरोप समारंभात तो वापरतो, आणि सगळे सहानुभूतीने हसतात. ज्या जिल्ह्यात लाखो लोक जन्म काढतात तो जिल्हा म्हणजेच शिक्षा. तिथल्या माणसाने हे ऐकलं तर त्याने काय समजायचं?

माझी कसोटी एवढीच आहे. ज्या शब्दामागे आज जिवंत माणूस उभा आहे, तो माझ्या उपमेसाठी उचलायच्या आधी त्याच्याकडे एकदा बघावं.

या कसोटीवर इंग्रजीतले दोन-तीन शब्द मला टॉर्चरहून महत्त्वाचे वाटतात. माझ्या नात्यातली एक बाई, वाईजवळच्या गावातली, सातवी शिकलेली. तिने एकदा चुलीपाशी बसून सहज सांगितलं, "मला डिप्रेशन हाय. गोळी चालूय." हे वाक्य तिच्या आईला म्हणता आलं नसतं. तिच्या आईच्या भाषेत त्यासाठी 'डोक्यावर परिणाम', 'वेड', 'बाहेरचं काहीतरी' एवढेच पर्याय होते. मनाच्या आजाराची सरकारी रुग्णालयं ज्या गावांत आहेत ती गावंच आपण शिवीसारखी वापरली: ह्याला ठाण्याला पाठवा, तिला येरवड्याला न्या. त्या पार्श्वभूमीवर डिप्रेशन हा परका, कोरा, दवाखान्याचा शब्द तिच्या कामी आला. त्याला गावाचा इतिहास चिकटलेला नव्हता. इंग्रजी शब्दांनी आपल्यावर केलेला हा मोठा उपकार आहे आणि शुद्धतेच्या नावाखाली तो कुणी नाकारू नये. 'पॅनिक अटॅक'चं तेच. 'ट्रॉमा'चंही तेच. युद्धावरून परतलेल्या सैनिकांचं झुरणं हा भेकडपणा नसून आजार आहे, हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत नोंदवलं जायला १९८० साल उजाडावं लागलं. व्हिएतनामहून आलेल्या माणसांनी आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी त्यासाठी भांडण केलं होतं.

आता सामना हरला म्हणून डिप्रेशन, नेट गेलं म्हणून पॅनिक अटॅक, केस जास्त कापले म्हणून ट्रॉमा. (बंगालच्या उपसागरातलं डिप्रेशन सोडून देऊ, ते बिचारं आपलं काम करतंय.) याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. त्याच बाईचा पुतण्या, पुण्यात कॉलेजला असतो, तो तिला म्हणाला, "काकू, डिप्रेशन तर सगळ्यांनाच असतं. मलाही आलेलं परीक्षेत." बाई गप्प झाली. तिला जो एक आडोसा सापडला होता, तो त्याने हसत हसत काढून घेतला आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. पुन्हा ती गोळीबद्दल कुणासमोर बोलल्याचं मी ऐकलं नाही.

भाषा वाहती असते, पोरं असंच बोलणार, हे मला कुणी शिकवायला नको. मीही दिवसातून दोनदा 'डोक्याला शॉट' म्हणते. तो बेणा शब्द कुणाचा आजार नाही, कुणाची जखम नाही, खुशाल वापरावा. अतिशयोक्तीलाही माझा विरोध नाही. २०१९ साली दिल्लीच्या हवेवरून सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना फटकारलं, की लोकांना गॅस चेंबरमध्ये राहायला का भाग पाडता? ती उपमा भयंकर होती, पण न्यायमूर्तींनी ती स्वतःच्या खोकल्यासाठी वापरली नव्हती. दुसऱ्यांच्या फुप्फुसांसाठी वापरली होती, आणि ज्यांनी काही करायचं होतं त्यांच्या तोंडावर. मोठा शब्द असा खर्च झाला तर माझी तक्रार नाही.

मुलांना काही सांगायला मी जाणार नाही, ती ऐकणारही नाहीत. माझं मागणं आमच्या धंद्याकडे आहे. 'पोलिसी खाक्या दाखवताच' हे तीन शब्द शैलीपुस्तिकेतून काढून टाका. त्या जागी 'संशयिताने गुन्हा कबूल केल्याचा पोलिसांचा दावा आहे' असं लिहा, शब्द जास्त होतात पण ओळ एकच. पाहुणचार, प्रसाद, चौदावं रत्न हे शब्द मंगलकार्य, देऊळ आणि पुराण यांच्या बातम्यांसाठी ठेवा. मारल्याचा आरोप असेल तर 'मारलं' लिहा, कशाने आणि कुठे ते लिहा, वैद्यकीय तपासणी झाली का ते विचारा. उपसंपादकाने वाचकाच्या आवडीचा मुद्दा काढला, तर आज मी गोल खोडणार नाही. निवृत्त माणसाला हे म्हणणं सोपं आहे, कबूल.

आजी तासाभराने बाहेर आल्या. अर्धा चेहरा बधिर, ओठाला कापूस. नातवाने फोन खिशात टाकून विचारलं, "लय दुखलं का?" आजींनी कापूस जरा बाजूला केला. "दुखलं न्हाई रं," त्या म्हणाल्या, "पर त्या मशिनीचा आवाज मेला, डोस्क्यात भुंगा कोंडल्यावानी झालं." त्याने त्यांचा हात धरला, आणि दोघं जपून पायऱ्या उतरायला लागली.